परदेशी दत्तक आणि आईचे नाव

दत्तक हा विषय आपल्या समाजास नवा नाही. परंतु परदेशी स्थायिक झालेल्या दांपत्याने एखाद्या संस्थेमार्फत अनाथ मूल दत्तक घ्यावे, हा प्रश्न मात्र गेल्या पाऊणशे वर्षांतच आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारी येऊन उभा राहिला आहे. ज्यांचे मुलगे-सुना किंवा लेकी-जावई अमेरिकेत, इंग्लंडात वा ऑस्ट्रेलियात राहतात, अशा पुष्कळ घरांतून ही चर्चा आता मोकळेपणाने होते. मूल कोणत्या देशातून घ्यावे, कोणत्या संस्थेमार्फत घ्यावे, खर्च किती येईल, वाट किती वर्षे पाहावी लागेल, मुलाची प्रकृती कशी असेल, इतक्या गोष्टींचा विचार झाला म्हणजे निवडीचे काम पुरे झाले असे समजण्यात येते. या यादीतून एक बाब हटकून राहून जाते. आणि मला वाटते, तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ते मूल वीस-पंचवीस वर्षांचे होऊन, 'मला जन्म कोणी दिला, आणि मला सोडताना तिला कोणी विचारले होते काय?' असा प्रश्न करील, तेव्हा त्यास उत्तर देणारा कागद कोणाच्या दप्तरी असेल? ही बाब इतकी महत्त्वाची का मानावयाची, हे इतिहासाच्या परिशीलनावाचून नीटसे उमगत नाही. तो इतिहास धुंडाळावयास आम्हा कुर्डुवाडीकरांना फार दूर जावे लागत नाही. त्याचा एक मोठा धागा पंढरपूरच्या वाटेवरच सापडतो.

प्रथम आपल्या जुन्या दत्तकविधानाकडे पाहू. धर्मशास्त्राच्या दृष्टीने दत्तक म्हणजे दान व प्रतिग्रह. देणारा हवा, घेणारा हवा, आणि दिल्याघेतल्याचे साक्षी हवेत. मूल देण्याचा अधिकार जनक पित्याचा व त्याच्या अभावी मातेचा. इतर कोणाचाही नाही. कूळ, गोत्र, नाते, सारे पाहूनच मूल मांडीवर घ्यावयाचे. इंग्रजांनी दत्तकाचा हक्क अमान्य करून १८४८ साली सातारा आणि १८५४ साली झाशी व नागपूर ही राज्ये खालसा केली, तेव्हा वाद माजला तो वारसाच्या हक्काविषयी. मूल कोणाचे, याविषयी नव्हे. १८७५ साली बडोद्याच्या गादीकरिता महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून कीर्तीस चढले. त्याही वेळी कवळाण्याच्या शाखेचा गायकवाड घराण्याशी असलेला संबंध तपासून पाहिल्यावरच ती निवड पक्की झाली. सारांश, दत्तकविधानाचे सगळे बळ नावांच्या साखळीत होते. ज्याचे आईबापच ठाऊक नाहीत अशा अनाथास शास्त्रोक्त दत्तक होता येत नसे, याचेही कारण हेच. त्याला घेणारा मिळेल; पण देणारा कोठून आणावयाचा?

ज्या १८७५ साली कवळाण्याचा मुलगा राजवाड्यात गेला, त्याच साली पंढरपुरास अगदी निराळ्या मुलांसाठी एक दार उघडले. ते समजण्यास त्या काळच्या विधवांची स्थिती डोळ्यांपुढे आणली पाहिजे. विधवाविवाह १८५६ च्या कायद्याने संमत झाला खरा, परंतु उच्चवर्णीय घरांतून तो व्यवहारात जवळजवळ नव्हताच. बालवयात वैधव्य आलेल्या मुलीचे पाऊल वाकडे पडले, किंवा पुष्कळदा घरातल्याच कोणा पुरुषाच्या अत्याचारास ती बळी पडली, तर तिच्यापुढे दोनच मार्ग उरत: स्वतः जीव द्यावयाचा किंवा मुलाचा घ्यावयाचा. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याचसाठी. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर अभिप्राय देताना जोतीरावांनी नमूद केले आहे की, तोपर्यंत ३५ गरोदर विधवा त्या घरात येऊन बाळंत झाल्या, पण त्यांची केवळ ५ मुले जगली. बाकीची, पोटात असतानाच दिल्या गेलेल्या जहाल औषधांच्या परिणामाने दगावली. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस बालहत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली, आणि त्या प्रकरणाने संतापून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध केला, हे वाचकांस ठाऊक असेलच.

पंढरपुरास त्या वेळी लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ न्यायाधीश होते. बेवारशी टाकलेली अर्भके ही क्षेत्राच्या ठिकाणी नित्याची गोष्ट होऊन बसली होती. यात्रा हे असे निमित्त आहे की त्यास घरचे कोणी हरकत घेत नाहीत आणि परक्या गावी कोणी विचारपूसही करीत नाही. जी. आय. पी. रेल्वे १८६० पर्यंत सोलापुरास पोहोचली होती. पंढरीचे यात्रेकरू कुर्डुवाडीच्या स्टेशनावर, ज्यास तेव्हा बार्शी रोड म्हणत, उतरत आणि पुढची तीस-एक मैलांची वाट गाडीने वा पायी तोडीत. बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाऊ लागली ती पुष्कळ पुढे, १९०६ साली. विठ्ठलाच्या दर्शनास म्हणून निघालेल्या सगळ्याच स्त्रिया केवळ दर्शनास जात नव्हत्या. लालशंकरांनी मुंबईच्या प्रार्थनासमाजाच्या साहाय्याने अशा स्त्रियांसाठी व त्यांच्या मुलांसाठी आश्रम उभा केला. वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव धारण करणारा पंढरपूरचा बालकाश्रम तो हाच. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि पोरक्या मुलांची आणखी भर पडली.

या संस्थांचा प्राण गुप्ततेत होता. आलेल्या स्त्रीस नाव-गाव खोदखोदून विचारावयाचे नाही, हेच तिला अभय. नाव विचारले असते तर ती आलीच नसती, आणि ती आली नसती तर मूल विहिरीत गेले असते. म्हणून त्या काळी आईचे नाव न लिहिणे ही दया होती. आजच्या दृष्टीने तिला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. तथापि एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. फुल्यांच्या गृहात जन्मलेला जो मुलगा त्या दांपत्याने दत्तक घेतला, त्या यशवंताच्या आईचे नाव काशीबाई, हे आज दीडशे वर्षांनंतरही आपणास ठाऊक आहे. त्यांनी त्या स्त्रीस आश्रय दिला, तिचे मूल आपले मानले, आणि तरी तिचे नाव पुसून टाकले नाही.

परदेशाचा संबंध प्रथम आला तो पैशाच्या रूपाने. १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत, आमच्याच रेल्वेमार्गावरील केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात आणि सोलापूरच्या बाजूस अमेरिकन मराठी मिशनने चालविलेल्या अनाथगृहांत शेकडो मुले आली. त्यांच्या पोषणासाठी समुद्रापलीकडून वर्गण्या आल्या. धर्मांतराच्या मुद्द्यावर तेव्हा पुष्कळ वादंग झाले. त्यात येथे शिरावयाचे कारण नाही. एवढे खरे की पैसा इकडे येत होता, मुले तिकडे जात नव्हती. मुले जाऊ लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

युरोपात व अमेरिकेत त्या सुमारास काय घडत होते ते पाहिले पाहिजे. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धातील पोरक्या मुलांपासून परदेशी दत्तकाची लाट सुरू झाली. पुढे संततिनियमनाची साधने सुलभ झाली, गर्भपात कायदेशीर झाले, अविवाहित मातेस सरकारी साहाय्य मिळू लागले. त्यामुळे त्या देशांत दत्तकास मिळणारी मुले झपाट्याने कमी झाली. मूल हवे असणारी दांपत्ये मात्र तितकीच राहिली. ती हिंदुस्थानाकडे वळली तेव्हा येथे कायद्याची स्थिती चमत्कारिक होती. १९५६ चा दत्तक व पोषणाचा कायदा केवळ हिंदूंसाठी. १९६२ च्या दुरुस्तीने, न्यायालयाच्या परवानगीने पालकास टाकलेले किंवा आईबाप अज्ञात असलेले मूल दत्तक देण्याची मुभा मिळाली, आणि अनाथास 'देणारा' मिळाला. पण घेणारा हिंदूच असावयास हवा ही अट कायम राहिली. सर्व धर्मीयांसाठी दत्तकाची विधेयके १९७२ व १९८० साली संसदेपुढे आली, ती मंजूर झाली नाहीत. तेव्हा परदेशी दांपत्ये १८९० च्या पालक-पाल्य कायद्याचा आधार घेत: येथील न्यायालयाने त्यांस पालक नेमावयाचे, मूल देशाबाहेर नेण्याची अनुज्ञा द्यावयाची, आणि खरे दत्तकविधान त्यांच्या देशी जाऊन व्हावयाचे. मालमत्तेच्या व ताब्याच्या तंट्यांसाठी केलेल्या कायद्यावर हजारो मुलांचे भवितव्य तोलले जात होते.

आता पूर्वीची गुप्तता आणि ही नवी मागणी यांची गाठ पडली. ज्या नोंदवहीत आईचे नाव दयेपोटी कोरे ठेवले जाई, त्याच कोऱ्या जागेचा लाभ घेणे आता कोणासही शक्य झाले. नाव नाही म्हणजे संमती विचारण्याचा प्रश्न नाही. संमती नाही म्हणजे आई पुढे मन बदलून परत येण्याची धास्ती नाही. आणि परदेशी देणग्यांचा ओघ तर चालू. सगळ्याच संस्था अशा होत्या असे मुळीच नाही. निष्ठेने चाललेल्या संस्था पुष्कळ होत्या आणि आहेत. परंतु निष्ठावान संस्थेची नोंदवही आणि लबाड संस्थेची नोंदवही या दोहोंत फरक करता येण्यास जे साधन हवे, तेच त्या कोऱ्या जागेने नाहीसे केले होते.

१९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी या गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिले. न्यायालयाने तेच अर्ज म्हणून दाखल करून घेतले, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी त्यावर जो निर्णय दिला, तो म्हणजे कायदा नसलेल्या क्षेत्रात न्यायालयाने घालून दिलेला कायदाच होय. मुलासाठी प्रथम देशातच घर शोधावे. न मिळाल्यास परदेशाचा विचार करावा. परदेशी दांपत्याने स्वतः होऊन परस्पर अर्ज करू नये. त्यांच्या देशातील सरकारमान्य संस्थेने त्यांची घरची परिस्थिती तपासून शिफारस केली पाहिजे, आणि मूल गेल्यावर त्याची खबरबात कळविण्याची जबाबदारीही तिनेच घेतली पाहिजे. आईने मूल सोडण्यापूर्वी तिला परिणाम समजावून सांगावेत, आणि फेरविचारास सुमारे तीन महिने द्यावेत. संस्थेने नफा घेऊ नये. पोषणखर्च म्हणून, मुलाची निवड झाल्या दिवसापासून रोजी ६० रुपयांपेक्षा अधिक आकारू नये. 'कोणता देश, कोणती संस्था' या प्रश्नास कायद्याचे स्वरूप प्रथम आले ते येथे. १९९० साली केंद्रीय दत्तक संस्था स्थापन झाली; १९९३ साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतात तो १ ऑक्टोबर २००३ पासून अमलात आला. संमती दडपणावाचून व मोबदल्यावाचून दिलेली असावी, आणि मुलाच्या जन्मासंबंधीची, विशेषतः आईबापांची, माहिती राज्याने जतन करून ठेवावी, ही त्या कराराची दोन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने मुख्य आहेत.

हे नियम होण्यापूर्वी आणि काही अंशी नंतरही जे घडले, त्याचा हिशेब आता मागितला जात आहे. स्वित्झर्लंडातील झुरिच व थुरगाऊ या प्रांतांनी, १९७३ ते २००२ या काळात भारतातून तेथे आलेल्या मुलांच्या कागदपत्रांचा इतिहासकारांकडून शोध करविला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचे नावच 'आई अज्ञात' अशा अर्थाचे आहे, आणि तपासलेल्या प्रकरणांत जन्मदात्रीच्या संमतीचा कागद आढळला नाही, हे त्याचे निष्कर्षांतील सार. नेदरलँड्सने २०२१ साली चौकशीअंती परदेशी दत्तक काही काळ थांबविले. दक्षिण कोरियात मार्च २०२५ मध्ये सरकारनियुक्त सत्यशोधन आयोगाने, आईबाप असलेल्या मुलांची अनाथ म्हणून खोटी नोंद होऊन ती परदेशी गेल्याचे मान्य केले. १९७३ साली पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेल्या एका गृहस्थास, स्वतःच्याच जन्माची कागदपत्रे पाहावयास मिळावीत म्हणून आपल्या न्यायालयांत अनेक वर्षे झगडावे लागले. जन्माची हकीकत हा ज्याचा त्याचा हक्क. त्यासाठी वादी होऊन कोर्टाची पायरी चढावी लागावी, याहून विचित्र ते काय?

म्हणून परदेशी दत्तक सर्वस्वी बंद करावे काय? स्वित्झर्लंडच्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये तसा मनोदय जाहीर केला आहे. मला तो मार्ग पटत नाही. १९७९ साली पुण्यात जन्मलेली आणि ससून रुग्णालयाच्या आवारातील 'श्रीवत्स' संस्थेत ठेवलेली एक मुलगी हरेन स्थळेकर व त्यांच्या इंग्रज पत्नी यांनी अमेरिकेतून येऊन दत्तक घेतली. तीच लिसा स्थळेकर पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. एका यशाने सर्व प्रथेचे समर्थन होत नाही, हे उघड आहे. पण आज परदेशी जाणारी मुले बहुतांशी कोणती, हे पाहावे: वयाने थोराड, व्यंग वा दीर्घ आजार असलेली, किंवा भावंडे म्हणून एकत्रच जाऊ शकणारी. २०२४-२५ या वर्षी देशात एकंदर ४,५१५ दत्तकविधाने झाली, त्यांपैकी ४,१५५ देशातल्या देशात; निरोगी अर्भकासाठी येथेच रांगा लागतात. बाहेरचे दार लावून घेतले तर ज्यांस येथे कोणी घेत नाही, त्यांचे ते एकुलते एक दारही बंद होईल.

तेव्हा प्रश्न राहतो तो निवडीचाच, आणि त्याचे उत्तर वरील इतिहासातून निघते. देश निवडावयाचा तो हेग करार पाळणारा, म्हणजे ज्याच्या सरकारला मुलाच्या कागदपत्रांबद्दल जाब विचारता येतो असा. परदेशी राहणाऱ्या भारतीय दांपत्यास आपल्या नियमांत येथील दांपत्याबरोबरचेच स्थान आहे. मात्र त्यांनीही राहत्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत किंवा तेथील अधिकृत यंत्रणेमार्फतच अर्ज करावयाचा असतो. संस्था निवडावयाची ती तिच्या इमारतीवरून वा माहितीपत्रकातील हसऱ्या चेहऱ्यांवरून नव्हे. तिला चार प्रश्न विचारावेत. आईने मूल कसे सोपविले याचा लेख कोठे ठेवता? कायद्याने दिलेली दोन महिन्यांची फेरविचाराची मुदत पाळल्याची नोंद दाखवाल काय? ठरलेल्या शुल्काबाहेर देणगी मागता काय? आणि उद्या तुमची संस्था बंद पडली तर दप्तर कोणाकडे जाईल? हा शेवटचा प्रश्न अनाठायी नाही. डेन्मार्कात परदेशी दत्तकाचे काम पाहणारी एकमेव संस्था जानेवारी २०२४ मध्ये बंद होऊ लागली, तेव्हा तेथील कुटुंबांस हाच प्रश्न पडला. याची उत्तरे जी संस्था त्रासून देते, तिने मूल लवकर मिळवून देण्याचे वचन दिले तरी तिच्यापासून दूर राहावे. किंबहुना ते वचन दिले म्हणूनच दूर राहावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरोखर वजनदार आहे. आईचे नाव लिहून ठेवावयाचे तर तिच्या अब्रूचे काय? लहान गावातील कुमारी मातेची स्थिती आजही काही ठिकाणी १८७५ च्या विधवेहून फार निराळी नाही. नाव लिहिले जाणार या भीतीने ती संस्थेची पायरी चढली नाही, तर लालशंकरांनी उघडलेले दार आपणच लावल्यासारखे होईल. परंतु बंद लखोटा आणि कोरा लखोटा यांत अंतर आहे. बंद लखोट्यात नाव असते, पण ते कायद्याने जपलेले असते. योग्य वेळी, योग्य माणसास, तिची इच्छा विचारून ते उघडता येते. कोऱ्या लखोट्यात काहीच नसते. त्यामुळे त्यात पुढे कोणीही काहीही लिहू शकतो. आजचे आपले नियम आईच्या गुप्ततेचा मान राखतात आणि मुलाच्या शोधालाही वाट ठेवतात, ती या बंद लखोट्याच्याच मार्गाने. जी आई मुलास पाळण्यात ठेवून न बोलता निघून जाते, तिच्यापुरता तोही उपाय चालत नाही हे खरे. पण तेथेही ते मूल कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या वस्त्रात मिळाले, पोलिसांनी व संस्थेने कोणता शोध केला, एवढे तरी लिहिलेले असले पाहिजे. ज्याला आपल्या पूर्वायुष्याचे दुसरे काहीच मिळावयाचे नाही, त्याला त्या चार ओळीही मोलाच्या असतात.

आपल्या पूर्वजांनी दत्तकात नावाला फार महत्त्व दिले, ते कुळाच्या अभिमानापोटी आणि वारशाच्या लोभापोटी. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी नाव झाकले, ते जीव वाचविण्यासाठी. आपल्या पिढीस दोन्ही साधावयाचे आहे: जीव वाचवावयाचा आणि नावही जपावयाचे; मात्र ते कुळासाठी नव्हे, त्या मुलासाठी. परदेशातून मूल आणू पाहणाऱ्या किंवा परदेशी राहून येथून मूल नेऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलाबाळांस वडीलधाऱ्यांनी काही सांगावयाचे असेल तर एवढेच सांगावे की, घाई करू नका. आपण ज्याचे आईबाप होणार, त्याची आणखी एक आई कोठे तरी आहे किंवा होती. तिला विचारले गेले होते, याची खात्री करून घेणे हे आपले पहिले कर्तव्य होय.